तारणावरची ध्वनिमालिका: लेवीयात रेंगाळते, म्हणून आवडली

पापापासून मुक्ती या विषयावरचे बहुतेक संदेश थेट वधस्तंभापाशी सुरू होतात. ही मालिका तिथे पोहोचायला अर्ध्याहून अधिक पाठ घेते, आणि तेच तिचं बळ आहे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जाणारे हे मराठी ध्वनिपाठ फोनवर उतरवून घेता येतात. एकेक पाठ साधारण अर्ध्या तासाचा आहे आणि सोबत प्रश्नांची छोटी पुस्तिका मिळते. मी कारागृहातल्या स्त्रियांचा बायबल अभ्यास घेते आणि त्याच्या तयारीसाठी ही मालिका ऐकली. आत फोन नेता येत नाही. त्यामुळे घरी ऐकायचं, टिपणं काढायची आणि तिथे बसून आपल्या शब्दांत सांगायचं. ही मालिका त्या कामाला किती उतरते, हे डोक्यात ठेवूनच मी लिहिते आहे.

सुरुवातीचे पाठ ठीक आहेत. आदाम आणि हव्वा यांनी स्वतः शिवलेली अंजिराची पानं आणि देवाने त्यांना घातलेली चर्मवस्त्रं हा फरक वक्त्यांनी छान मांडला आहे. माणूस आपली लाज आपणच झाकायला जातो आणि देव ती वेगळ्या तऱ्हेने झाकतो. पण लगेच ते म्हणतात की बायबलमधला पहिला बळी इथेच पडला. उत्पत्ती 3:21 मध्ये फक्त देवाने चर्माची वस्त्रं केली एवढंच आहे. बळीचा, रक्ताचा उल्लेख नाही. अनुमान असेल तर ते अनुमान म्हणून सांगावं. माझ्या वर्गातल्या बायका वचन उघडून पडताळतात, आणि एकदा का त्यांना जास्तीचं जोडलेलं सापडलं की पुढच्या खऱ्या गोष्टीवरही त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो. मोरियाच्या डोंगरावर मुलाचा बळी द्यायला गेलेला अब्राहाम आणि मुलाऐवजी अर्पण झालेला, झुडपात अडकलेला एडका हा पाठ ऐकण्यासारखा आहे, पण नवं काही देत नाही.

निर्गमापासून मालिका खऱ्या अर्थाने उभी राहते. वल्हांडणाच्या, म्हणजे इस्राएल मिसराच्या दास्यातून सुटला त्या रात्रीच्या, पाठात वक्ते घाई करत नाहीत. महिन्याच्या दहाव्या दिवशी कोकरू निवडायचं, चौदाव्या दिवसापर्यंत ते जपायचं, मग संध्याकाळी वधायचं. म्हणजे ते कोकरू काही दिवस घरच्यांच्या नजरेसमोर असणार, पोरंबाळं त्याच्याभोवती फिरणार. मग त्याचं रक्त एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीने दाराच्या बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं. मिसरातले पहिले जन्मलेले मारले गेले त्या रात्री इस्राएलाची घरंसुद्धा आपोआप सुरक्षित नव्हती, हे वक्ते ठासून सांगतात. परमेश्वर रक्त पाहून ओलांडून गेला. आत बसलेल्यांचा चांगुलपणा पाहून गेला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी नेमकी पकडली आहे. सुटका निर्गमाच्या बाराव्या अध्यायात होते आणि दहा आज्ञा विसाव्यात येतात. देवाने आधी लोकांना दास्यातून बाहेर काढलं आणि मग कसं जगायचं ते सांगितलं. वर्गात हे सांगितलं तेव्हा बराच वेळ चर्चा चालली, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकीने आयुष्यभर याच्या उलट ऐकलेलं असतं: आधी सुधार, मग बघू. पुढच्याच पाठात जीव सोडवण्यासाठी द्यायच्या अर्ध्या शेकेलाबद्दल, म्हणजे ठरावीक वजनाच्या चांदीबद्दल, आहे (निर्गम 30). श्रीमंताने जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी द्यायचं नाही. ज्या बाईला कुणी कधी बरोबरीने मोजलंच नाही, तिला हे वचन वाचून दाखवून बघा.

लेवीय, म्हणजे जुन्या करारातलं याजकांच्या आणि अर्पणांच्या नियमांचं पुस्तक; त्याच्या 16 व्या अध्यायावरचे सलग दोन पाठ ही या मालिकेची सर्वांत मौल्यवान गोष्ट. प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, वर्षातून एकदा. महायाजक अहरोन आपली वैभवी वस्त्रं उतरवून साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करतो, कारण तोही पापीच. धुपाचा ढग दयासनावर, म्हणजे कराराच्या कोशाच्या झाकणावर, पसरला नाही तर तो मरेल, असा स्पष्ट इशारा आहे. मग दोन बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकल्या जातात. एक परमेश्वरासाठी: त्याचा वध होतो आणि रक्त पडद्याच्या आत नेऊन शिंपडलं जातं. दुसऱ्याच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवतो, इस्राएलाचे सगळे अपराध उघड बोलतो आणि तो बकरा जिवंतच रानात पाठवला जातो.

वक्त्यांनी दोन्ही बकरे वेगवेगळे सोडले नाहीत, एकत्र समजावले. एक सांगतो की पापाची किंमत जीव आहे. दुसरा सांगतो की ते पाप आता इथे उरलेलं नाही, दूर गेलं. अनेकांना पहिलं पटतं, दुसरं पटत नाही. क्षमा झाली हे तोंडाने म्हणतात आणि पाप मात्र उशाशी घेऊन झोपतात. त्या बकऱ्याला रानात सोडून येणाऱ्या माणसावरही वक्ते थांबतात. त्याने कपडे धुऊन, अंघोळ करूनच छावणीत परतायचं. ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही असा हा माणूस सगळ्यांच्या पापाचं ओझं वेशीबाहेर पोहोचवून येतो. मी लेवीय इतक्यांदा वाचलं आहे, पण हा माणूस मला या पाठामुळे दिसला.

वर्गात एकीने विचारलं, पुढच्या वर्षी परत का करायचं मग? हाच प्रश्न इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. बैलांचं आणि बकऱ्यांचं रक्त पाप दूर करू शकलं असतं तर ती अर्पणं थांबली नसती का? मालिकेने हा प्रश्न लेवीयाच्या पाठातच पेरला आहे आणि उत्तर पुष्कळ पुढे, इब्री पत्राच्या पाठात दिलं आहे: ख्रिस्ताने एकदाच, कायमचं अर्पण केलं. मधले सगळे पाठ तो प्रश्न मनात घेऊन ऐकावे लागतात. शिकवण्याची ही रीत मला फार आवडली.

रूथच्या पाठाबद्दल लिहायलाच हवं. लेवीय 25 चा नियम असा की भाऊबंद गरिबीमुळे जमीन विकून बसला, किंवा स्वतःला विकून बसला, तर जवळच्या नातलगाने त्याला सोडवावं. वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर बवाज, विधवा रूथच्या सासरचा नातलग, जो व्यवहार करतो तो याच नियमाच्या आधाराने. त्याच्याहून जवळचा एक नातलग असतो. शेत घ्यायला तो आधी तयार होतो, पण रूथही त्यासोबत येते म्हटल्यावर मागे सरतो, कारण त्याच्या स्वतःच्या वतनाला धक्का लागेल. जोडा काढून देतो आणि बाजूला होतो. वक्ते म्हणतात, या माणसाला वाईट ठरवू नका, त्याने फक्त हिशोब केला. सोडवणाऱ्याला स्वतःचं काहीतरी गमवावं लागतं आणि ते गमवायला बवाज तयार होता. तारण म्हणजे देवाने वरून दिलेली माफी एवढंच ज्यांना वाटतं, त्यांनी हा पाठ अवश्य ऐकावा. सोडवणारा नात्यातला असावा लागतो, त्याच्याकडे किंमत असावी लागते आणि त्याची तयारी असावी लागते. वचन देही झालं हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात वाचताना आता मला बवाजाची वेस आठवते.

स्तोत्रं आणि संदेष्टे मात्र उरकले आहेत. स्तोत्र 49 मध्ये कुणीही आपल्या भावाला सोडवू शकत नाही, जिवाची खंडणी फार मोठी आहे, असं आहे. आणि त्याच स्तोत्रात पुढे, देव माझा जीव अधोलोकाच्या हातून सोडवील, असा भरवसाही आहे. संपूर्ण विषयाचं मर्म या दोन वाक्यांत असताना त्याला जेमतेम दोन मिनिटं! यशया 53 वर एक पाठ आहे, पण ध्वनिमुद्रण खराब आहे आणि मागे पंख्याचा आवाज सतत येतो.

नव्या करारात वक्ते पुन्हा सुरात येतात. जखऱ्याच्या गीतातली आणि हन्नाच्या तोंडची मुक्तीची वाट, आणि येशूच्या मरणानंतर अम्माऊसच्या रस्त्याने चाललेल्या दोघा शिष्यांची निराशा, हे लूकातले प्रसंग त्यांनी एकामागून एक ठेवले आहेत. इस्राएलाची मुक्ती करणारा तो हाच अशी आमची आशा होती, असं ते दोघे सांगतात, तेही न ओळखता स्वतः त्या मुक्तिदात्यालाच. वधस्तंभाच्या पाठात एजोबाच्या काठीवर दिलेला आंबट द्राक्षारसाचा बोळा, न मोडलेली हाडं आणि वरपासून खालपर्यंत फाटलेला पडदा येतो, तेव्हा निर्गम 12 आणि लेवीय 16 चे पाठ ऐकलेल्याला काही समजावून सांगावं लागत नाही. तिथे मी पाठ थांबवला आणि प्रार्थना केली.

खंडणीच्या पाठाबद्दल माझी तक्रार आहे. मनुष्याचा पुत्र पुष्कळांच्या खंडणीसाठी आपला जीव द्यायला आला, हे मार्क 10:45 मध्ये येशू स्वतः सांगतो. ती खंडणी कुणाला दिली? मंडळीने या प्रश्नावर शतकानुशतकं विचार केला आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेन या धर्मपंडिताने सैतानाला दिली अशा दिशेने विचार मांडला. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने ते ठामपणे नाकारलं: लुटारूला मोबदला कसला, आणि पित्यालाही पुत्राच्या रक्ताची हौस कशी असेल? अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने देवाच्या सन्मानाची भरपाई या अंगाने उत्तर दिलं, आणि सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी आपल्या जागी भोगलेल्या शिक्षेवर भर दिला. पूर्वेकडच्या मंडळ्या मरणावरच्या विजयाबद्दल अधिक बोलतात. मालिकेत यातलं शिक्षेचं एकच उत्तर आहे, आणि तेच एकमेव असल्यासारखं. मी स्वतः त्याच उत्तरावर वाढले आहे आणि ते मला खरं वाटतं. पण शिक्षा भोगणाऱ्या बायकांसमोर फक्त न्यायालयाचं चित्र ठेवलं की त्यांना देव न्यायाधीश म्हणूनच दिसत राहतो. त्यांना बवाजही दिसायला हवा, फारोचं सैन्य बुडवणारा परमेश्वरही दिसायला हवा. पवित्र शास्त्रात ही सगळी चित्रं आहेत.

याहून मोठी उणीव म्हणजे शेजारी. ज्याचं नुकसान झालं तो माणूस या मालिकेत कुठेच नाही. वर्गातला सर्वांत अवघड प्रश्न याच जागी आला: देवाने माफ केलं, पण ज्या घराचं मी वाटोळं केलं त्यांचं काय? पुस्तिकेत याला उत्तर नाही. पवित्र शास्त्रात मात्र आहे, तेही ज्या लेवीयावर वक्ते इतके रमले त्यातच. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला फसवणाऱ्याने घेतलेलं सगळं परत करायचं, वर पंचमांश भर घालायची आणि दोषार्पणाचा, म्हणजे अपराधाच्या भरपाईचा, एडका आणायचा, असा नियम आहे. गणनेच्या पाचव्या अध्यायात तेच पुन्हा, आणि ज्याला द्यायचं तो हयात नसेल आणि त्याचा नातलगही नसेल तर काय करायचं तेही. यशया 53 मधला परमेश्वराचा सेवक आपला जीव देऊन जे अर्पण होतो, तेही दोषार्पणच. लूकातल्या जकातदार जक्कयाच्या घरी तारण आलं तेव्हा तो चौपट परत करायला उभा राहिला होता. किंमत देऊन सोडवलेल्या माणसाला स्वतःचं देणं विसरता येत नाही. हे सांगितलं नाही तर ऐकणाऱ्यांपैकी कुणाला क्षमा फुकटची वाटेल, आणि जिची सदसद्विवेकबुद्धी जागी आहे तिला ती खोटी वाटेल. वर्गात मी मालिका बाजूला ठेवून ही वचनं घेतली. सगळ्या गोष्टी परत करता येत नाहीत, गेलेला जीव तर नाहीच, आणि तिथे लेवीयाचा पंचमांश पुरत नाही. एका बाईने त्यानंतर पत्र लिहायला कागद मागितला.

शेवटचे पाठ रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आणि प्रकटीकरण यांवर आहेत. शरीराच्या मुक्तीची अजून वाट पाहायची आहे आणि सारी सृष्टीही कण्हत आहे, हे पौलाचं म्हणणं वक्ते कोवळं करत नाहीत. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायातलं वधलेलं कोकरू, ज्याने आपल्या रक्ताने सर्व वंशांतून, भाषांतून लोक विकत घेतले, तिथे त्यांचा आवाज भरून येतो आणि तो खरा वाटतो.

गटात अभ्यास घेणाऱ्यांनी ही मालिका जरूर घ्यावी. नव्याने वाचायला लागलेल्याने एकट्याने ऐकली तर मध्येच सुटण्याचा संभव आहे, कारण वक्ते वचनांचे संदर्भ भराभर देतात आणि पुस्तिकेत ते सगळे छापलेले नाहीत. वेळ कमी असेल तर वल्हांडण, लेवीयाचे दोन्ही पाठ, रूथ आणि इब्री पत्र हे आधी ऐका, स्तोत्र 49 स्वतः वाचा. वर्ग घेणार असाल तर लेवीय 6 आणि जक्कय यांवरचा एक पाठ आपल्या हाताने तयार करून रूथच्या पाठानंतर जोडा. बनवणाऱ्यांना मी हेच कळवलं आहे, आणि यशयाचा पाठ पुन्हा मुद्रित करण्याची विनंतीही केली आहे.