फुकटचा शेंडा, साडेसहाशेची कुंडी: चौदा महिन्यांनंतर

फळाच्या शेंड्यांपासून कुंडीत लावलेल्या दोन अननसांपैकी एकाचा पोंगा (मधल्या कोवळ्या पानांचा झुपका) गेल्या आठवड्यात हातात आला. ओढला नव्हता. धूळ पुसायला मधलं पान धरलं, तर चार पानं एकगठ्ठा वर आली. बुडाशी पांढरट, लिबलिबीत, वर तपकिरी रेघ आणि नाक फिरवायला लावणारा आंबूस वास. बाहेरची पानं मात्र अजून हिरवीगार. अननसाची पोंगाकूज अशीच असते, दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. फळ धरल्यावर लिहायचा बेत होता, पण आता आत्ताच लिहिणं भाग आहे.

शेंडा लावायचा कसा हे बहुतेकांना ठाऊक असतं, तरी दोन गोष्टी. सुरीने कापू नका, पिरगळून काढा. खाली गर राहिला की तिथूनच कूज लागते. मग खालची पानं सोलत दीड इंच देठ उघडा करा. पानांमागे तांदळाच्या कणीएवढे तपकिरी उंचवटे दिसतील, ती बसल्या जागी तयार असलेली मुळं. सावलीत चार-पाच दिवस सुकवून थेट लावा. ग्लासातल्या पाण्यात मुळं काढण्यात फोटोपलीकडे फायदा नाही.

दोन्ही शेंडे मॉरिशस जातीचे, म्हणजे बाजारात केरळहून येतो तो काटेरी पानांचा अननस. मिश्रणही एकच: अर्धा धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव भाग जाड वाळू, पाव भाग पेरलाइट (हलके पांढरे खडे), वर मूठभर गांडूळखत. पूर्वेची खिडकी तीच, थेट ऊन साधारण पाच तास. (ऊन कमी पडलं की पानं लांब, अरुंद होऊन लोंबतात. ‘छान वाढतंय’ म्हणून खूश होऊ नका.) फरक फक्त भांड्याचा. एक शेंडा रंगाच्या रिकाम्या दहा लिटरच्या डब्यात, तळाला सात भोकं. दुसरा साडेसहाशे रुपयांच्या सेल्फ वॉटरिंग कुंडीत.

पहिले सहा महिने या कुंडीला पाच तारे दिले असते. खालच्या टाकीत पाणी भरा, दहा दिवस बघू नका. त्यात पाणीही फुकटचं, आरओ मशिन बाहेर टाकतं ते. बादलीभर पाणी गटारात सोडायला जीव होत नाही आणि झाडाला काय कळतंय, असा हिशेब.

झाडाला कळतं. फेब्रुवारीत कुंडीतल्या झाडाची नवी पानं पिवळी पडू लागली, जुनी हिरवीच राहिली. नवी पिवळी, जुनी हिरवी म्हणजे लोहाची कमतरता, नत्राची नव्हे. नत्र कमी असेल तर जुनी पानं आधी फिकटतात. अननसाला आम्ल माती लागते, सामू (पीएच) ४.५ ते ५.५. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) ६०० च्या आसपास, आरओने टाकलेल्या पाण्याचा ११०० वर. या क्षारांनी सामू चढतो, मग मिश्रणात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. डब्यातल्या झाडालाही अधूनमधून हेच पाणी मिळालं होतं, पण तिथे वरून ओतलेलं पाणी भोकांतून निघताना क्षार धुऊन नेतं. सेल्फ वॉटरिंग कुंडीत पाणी खालून वर चढतं आणि उडून जातं, क्षार मात्र वरच राहतात. मिश्रणावर पांढरी पापडी धरली होती, ती ‘बुरशी असेल’ म्हणून खरवडून टाकली. चूक तिथेच झाली.

उपाय स्वस्तातला. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार), लिंबाचे चार-पाच थेंब (नाहीतर द्रावण लगेच तांबूस होऊन वाया जातं), संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. नवी पानं हिरवी निघाली. फरशीवर सांडू देऊ नका, डाग निघत नाही.

आता पोंगाकुजीबद्दल. पोंगा हातात आला त्या दिवशीचं मत असं होतं की ‘पोंग्यात पाणी घाला’ हा सल्लाच मुळात चुकीचा. मत बदललं, कारण डब्यातल्या झाडाच्या पोंग्यातही तितकंच पाणी जात होतं आणि ते ठणठणीत आहे. अननस पानांच्या बुडातूनही पाणी आणि खत पितो, त्यामुळे सल्ला बरोबर आहे, पण उन्हाळ्यापुरता. मार्च ते मे पोंग्यात पाणी घाला, आठवड्याने कुंडी आडवी करून जुनं पाणी ओता. पावसाळ्यात पोंगा कोरडाच ठेवा. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात; लिटरला १ ग्रॅम) तेव्हा फक्त मिश्रणात द्या. कूज आणणारा फायटोप्थोरा (बुरशीसारखा सूक्ष्म जीव) मातीतून येतो, त्याला सतत ओलं बूड आणि चढलेला सामू दोन्ही मानवतं. ही दोन्ही सोय साडेसहाशेच्या कुंडीने करून ठेवली होती. विक्रेत्याचं म्हणणं, ‘इनडोअर झाडांसाठी बेस्ट आहे’. मनी प्लांटसाठी असेलही.

बोर्डो मिश्रण किंवा कुठलंही तांब्याचं बुरशीनाशक पोंग्यात ओतू नका, या कुळातल्या झाडांना तांबं सोसत नाही. उन्हाळ्यात एसीचं ठिबकणारं पाणी मात्र अननसाला फार चांगलं, क्षार जवळजवळ शून्य. तेही मातीतच घाला, कारण आतल्या कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्या असू शकतात. आरओने टाकलेल्या पाण्याने संडास धुवावा.

कुजलेलं झाड फेकलेलं नाही. मऊ भाग पांढरं घट्ट खोड लागेपर्यंत कापून बुडखा कोरड्या वाळूत ठेवलाय. खोडावरचे डोळे शाबूत असतील तर बाजूने फुटवा येतो, आणि फुटव्याला फळ शेंड्यापेक्षा काही महिने आधी लागतं. म्हणजे नुकसान वाटतं तेवढं नाही. कुंडीची टाकी काढून तळाला भोकं पाडलीत.

डब्यातल्या झाडाला आता ३४ पानं आहेत, लांबी दोन फुटांच्या आसपास. शेंड्यापासून फळ म्हणजे दोन वर्षं धरूनच चाला. थंडीत आपोआप फूल निघालं तर ठीक, नाहीतर जानेवारीत सफरचंद: पोंग्यातलं पाणी ओतून टाकायचं, बुडाशी पिकलेली दोन सफरचंदं, वरून प्लास्टिकची पिशवी, पाच दिवस सावलीत. उन्हात ठेवलं तर पिशवीत झाड शिजतं. दीड-दोन महिन्यांत पोंग्यात लाल गाभा दिसायला हवा. सफरचंदं डागाळलेली घ्यायची. अर्ध्या भावात मिळतात आणि इथिलीन (अननसाला फुलायला लावणारा वायू) जास्त सोडतात.