लुआचा सी एपीआय: एकच साचा, मोजकी नावं

आमच्या कामात औद्योगिक वजनकाट्यांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला प्रोग्रॅम, सी भाषेत असतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा हिशोब निराळा. कुणाला रिकाम्या ट्रकचं वजन वजा करून हवं, कुणाला मालातल्या ओलाव्याची घट धरून. दर वेळी फर्मवेअर फ्लॅश करणं परवडत नाही, म्हणून हिशोबाचा भाग लुआ ५.४ या स्क्रिप्टिंग भाषेत ठेवतो. भाषेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मी लिहितोय ते लुआ आणि सी यांच्या सांध्याबद्दल, कारण माझा सगळा दिवस तिथेच जातो.

रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली रॉबर्टो येरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी लुआ घडवली. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसवायची भाषा हे तिचं खरं रूप, आणि एपीआयमध्ये, म्हणजे सी कोडने लुआशी बोलायच्या फंक्शन्समध्ये, ते पावलोपावली जाणवतं.

लुआमधून बोलवायच्या प्रत्येक सी फंक्शनचा साचा एकच: लुआ_स्टेटचा (चालू लुआची सगळी अवस्था) पॉइंटर घ्यायचा आणि इंट परत द्यायचा. आर्ग्युमेंट्स स्टॅकवर, म्हणजे लुआ आणि सी यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या चळतीवर, १ पासून ओळीने मांडलेली मिळतात. निकाल पुश करायचे, म्हणजे त्याच चळतीवर ठेवायचे, आणि किती पुश केले तो आकडा रिटर्न करायचा. आमचं निव्वळ वजन काढणारं फंक्शन बघा. १ नंबरला भरलेल्या गाडीचं वजन, २ नंबरला रिकाम्या गाडीचं. दोन्ही लुआएल_चेकनंबरने उचलायची, वजाबाकी पुश करायची, काटा स्थिर आहे की नाही ते बूलियन पुश करायचं, रिटर्न २. स्टॅकवर खाली राहिलेला पसारा लुआ स्वतः आवरते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने दुसऱ्या जागी निल दिला, तर कोणत्या फंक्शनचं कितवं आर्ग्युमेंट चुकलं, काय हवं होतं आणि काय आलं, हे सगळं एररच्या एका ओळीत येतं. साइटवरचा माणूस तेवढी ओळ फोनवर वाचून दाखवतो आणि दुरुस्ती होते.

नावांची शिस्तही तशीच चोख. लुआ_ ने सुरू होणारं ते गाभ्यातलं, लुआएल_ ने सुरू होणारं ते त्यावर रचलेल्या मदतनीस लायब्ररीतलं. स्क्रिप्टमध्ये रिक्वायर 'काटा' म्हटलं की लुआ काटा.एसओ ही कंपाइल केलेली सी लायब्ररी शोधते आणि तिच्यातलं लुआओपन_काटा बोलावते. 'काटा.मॉडबस' असेल तर टिंबाचा अंडरस्कोर होतो: लुआओपन_काटा_मॉडबस. वेगळी फाइल नसेल तर हेच नाव काटा.एसओमध्येही शोधलं जातं, त्यामुळे सगळी उपमॉड्यूल्स एकाच फाइलमध्ये कोंबता येतात. छोट्या बोर्डवर हे फार सोयीचं. हायफनची युक्ती मला विशेष आवडते. काटा-व्ही२.एसओ मागितली तरी आतलं फंक्शन लुआओपन_काटाच राहतं, म्हणून टेस्ट बेंचवर दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात. ५.१ मध्ये मात्र हायफनच्या आधीचा भाग गळायचा. जुना कोड हलवताना तेवढं बघा. सी++ मध्ये लिहिणाऱ्यांनी या फंक्शनला एक्स्टर्न सी लावायलाच हवं, नाहीतर कंपायलर नाव बदलून टाकतो आणि लुआला ते सापडत नाही.

मॅन्युअलला माझे पूर्ण मार्क. प्रत्येक फंक्शनशेजारी एक छोटा चौकटी कंस असतो: स्टॅकवरून किती काढणार, किती ठेवणार, एरर फेकू शकतं का. लुआ_सेटफील्डपुढे -१, +०, ई: एक काढणार, काही ठेवणार नाही, एरर येऊ शकते. संपला विषय. पायथनच्या सी एपीआयमध्ये यादीतून घेतलेली वस्तू उसनी असते, यादीत ठेवलेली वस्तू यादी आपल्या मालकीची करते, पण डिक्शनरीत ठेवली तर तसं होत नाही. हे फंक्शनगणिक ध्यानात ठेवावं लागतं. लुआ टेबलाचा पॉइंटर हातातच देत नाही, त्यामुळे रेफरन्स (वस्तूला किती जण धरून आहेत ते) मोजायची कटकटच नाही.

आता दोष. एरर आली की लुआ लाँगजंप मारते, म्हणजे आपलं फंक्शन अर्धवट सोडून थेट बाहेर उडी घेते, त्यामुळे त्याआधी मॅलॉकने घेतलेली मेमरी तशीच लोंबकळत राहते. म्हणून आर्ग्युमेंट्स आधी तपासा, मेमरी नंतर घ्या. जमेल तिथे यूजरडेटाच, म्हणजे लुआ स्वतः सांभाळते ती मेमरी, वापरा. स्टॅकवर २० जागांचीच हमी असते आणि त्यापुढे लुआ_पुश फंक्शन्स स्वतःहून अडवत नाहीत, लुआएल_चेकस्टॅक आपण बोलवायचं.

सगळ्यात जास्त खटकतं ते मेटाटेबलांचं, म्हणजे यूजरडेटाचा प्रकार ओळखायच्या टेबलांचं, नामकरण. लुआएल_न्यूमेटाटेबलला दिलेलं नाव सगळ्या लायब्रऱ्यांच्या सामायिक रजिस्ट्रीत जातं. दोन लायब्रऱ्यांनी 'बफर' हेच नाव घेतलं तर दुसरीला शून्य परत मिळतं आणि स्टॅकवर येतं पहिलीचंच टेबल. तो शून्य बहुतेक जण तपासत नाहीत. मग लुआएल_चेकयूडेटा परक्या स्ट्रक्चरला आपलं समजून खुशाल पास करतं आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. मॉड्यूलच्या नावांसाठी एवढी नेमकी व्यवस्था करणाऱ्यांनी इथे सगळं आपल्या सौजन्यावर सोडलंय, याचं मला वाईट वाटतं. नावाआधी लायब्ररीचं नाव लावा: 'काटा.बफर'.

लुआजिट या लुआच्या वेगवान अवताराचा एफएफआय, म्हणजे सी फंक्शन थेट लुआमधून बोलवायची सोय, तीही वापरून पाहिली. सीचं डिक्लरेशन चिकटवलं की फंक्शन थेट बोलावता येतं, वेगही उत्तम. पण चुकीचा पॉइंटर दिला तर वाचवणारं कुणी नाही, आणि लुआजिटचा सी एपीआय ५.१ चा आहे. जिथे स्क्रिप्ट गिऱ्हाइकाच्या हातात जाते तिथे मी तो वापरणार नाही.

लुआला पैसे पडत नाहीत, ५.० पासून एमआयटी परवाना आहे. सीची सवय असलेल्या कुणालाही मी बिनधास्त सुचवेन. सुरुवात करताना डेव्हलपमेंट बिल्डमध्ये लुआ_यूज_एपीआयचेक हा मॅक्रो चालू करून लुआ कंपाइल करा. स्टॅकचा हिशोब जिथे चुकेल तिथेच असर्ट लागतो, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबून चूक दाखवतो. बोर्डवर पाठवायच्या बिल्डमधून तो काढून टाका.