‘देणे समाजाचे’: पितृपक्षातलं प्रदर्शन, एका देणगीदाराच्या नजरेतून

पुण्यात पितृपक्षात भरणारं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन मी सहसा चुकवत नाही. वीणा गोखले यांनी ते २००५ मध्ये सुरू केलं. ठिकठिकाणच्या सामाजिक संस्था इथे टेबल मांडून बसतात आणि आपलं काम सांगतात. आडगावातल्या छोट्या संस्थेला जाहिरात कुठून परवडणार? इथे तिला शहरातला देणगीदार समोरासमोर भेटतो.

वेळ तर अगदी नेमकी निवडलीय. या पंधरवड्यात आपल्याकडे नवी खरेदी टाळतात, पण गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी द्यावं असं घरोघरी मनात असतं. सासऱ्यांच्या तिथीला आम्ही घरी पान वाढतो आणि त्यांच्या नावानं इथल्या एखाद्या संस्थेला देणगी देतो. सासूबाईंचीच कल्पना ती.

मी करसल्लागारांच्या ऑफिसात काम करते. देणग्यांच्या पावत्या सतत हाताखालून जातात, म्हणून ठामपणे सांगते: पहिली देणगी माणूस मन हललं म्हणून देतो, दुसरी मात्र संस्था मधल्या काळात कशी वागली यावर ठरते.

एका वसतिगृहाच्या टेबलावर तिथल्या स्वयंपाकघराचं बघणाऱ्या ताई स्वतः बसल्या होत्या. त्यांनी किराण्याची वहीच उघडली. तांदूळ, तूरडाळ, गॅस, सगळं तारीखवार लिहिलेलं. तेलाच्या डब्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ताई, एवढा एक डबा झाला तरी आमचे बरेच दिवस निघतात.” मी डब्याचे पैसे दिले. पॅन नंबर लिहून घेऊन त्यांनी तिथल्या तिथे पावती फाडली. संक्रांतीला मुलांच्या अक्षरातलं पत्र आलं. त्यात पैशांची मागणी नव्हती. कोण कितवीत गेलं, विहिरीला पाणी किती आहे, एवढंच. सासूबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि पुढची देणगी त्यांनीच काढून ठेवली.

दुसऱ्या एका संस्थेचा अनुभव उलटा. माहितीपत्रक गुळगुळीत, बोलणं गोड. देणगी दिल्यावर मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती आवाहनं. पावतीसाठी मलाच फोन करावे लागले, आणि ३१ मेपर्यंत मिळायला हवं ते १० बीई प्रमाणपत्र, म्हणजे करात वजावट मागायला लागणारा संस्थेचा देणगी-दाखला, जून संपला तरी आलं नाही. जुन्या करप्रणालीत ८०जीची, म्हणजे देणगीवरची, वजावट घेणाऱ्याचं रिटर्न अशानं अडून बसतं. अशा संस्थेला कोण पुन्हा देईल? काम चांगलं असूनही देणगीदार तुटतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आयोजकांना एकच सुचवते: टेबल देतानाच पावती आणि १० बीई वेळेवर देण्याची हमी संस्थेकडून लिहून घ्या. बाकी मांडणी, स्वयंसेवकांची मदत, सगळं उत्तम.

जाणाऱ्यांसाठी: गर्दीत नीट बोलणं होत नाही, गर्दी कमी असेल अशा वेळी जा. पॅन नंबर जवळ ठेवा. दोन हजारांवर रोख देऊ नका, त्यावर वजावट मिळत नाही. यूपीआय किंवा चेक बरा. आणि सगळ्यांना थोडं थोडं वाटण्यापेक्षा एकच संस्था निवडून तिला दरवर्षी द्या. वर्षाचं अंदाजपत्रक मांडताना संस्थेला त्याच पैशाचा भरवसा धरता येतो.