वाळ्याची ताटी, पत्र्याचा कूलर: जोधपूरच्या जुन्या उन्हाळ्याचं यंत्र आज घ्यावं का?

जोधपूरमध्ये चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वाढलेल्या माणसाला तिथल्या उन्हाळ्याबद्दल विचारा. मेहरानगड किल्ला आणि निळी घरं नंतर येतात, आधी येतो तो ओल्या वाळ्याचा वास. टळटळीत दुपारी खिडकीबाहेरच्या पत्र्याच्या पेटीत पंप गुरगुरायला लागायचा, ताट्यांवरून, म्हणजे वाळ्याच्या मुळांच्या जाड पडद्यांवरून, पाणी झिरपायचं आणि थोड्या वेळात खोलीचा नूर पालटायचा. कूलरची टाकी बादल्यांनी भरायचं काम बहुतेक घरांत पोरांकडे. सुरई खिडकीत, पाण्याची कापडी पिशवी, म्हणजे छागळ, दाराशी टांगलेली, रात्री अंथरुणं गच्चीवर.

ती पेटी अजून मिळते. तिच्यावर कंपनीचं नाव नसतं. स्थानिक कारागीर पत्रा ठोकून बनवून देतो, तीन बाजूंना ताट्या असतात आणि चौथ्या बाजूने पंखा हवा आत फेकतो. आठवणींसाठी ती घेऊ पाहणारे बरेच असतात, शिवाय बदलीवर तिकडे गेलेली लष्करातली, हवाई दलातली मराठी कुटुंबंही ‘एसी घ्यायचा की कूलर’ या प्रश्नाशी येऊन थांबतात. आमचं मत आधीच सांगतो: पाचपैकी चार तारे. पण मे-जूनपुरते. जुलैत दोन.

हा फरक का पडतो ते आधी बघू. कूलर हवा थंड ‘बनवत’ नाही. पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता तो हवेतूनच काढून घेतो, म्हणून हवा जितकी कोरडी तितकं त्याचं काम चोख. मेमधल्या दुपारी जोधपुरात तापमान ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २२ अंशांच्या आसपास येऊन थांबतो. त्याच्या खाली असा कूलर जाऊ शकत नाही. चांगली भिजलेली ताटी ४२ आणि २२ मधलं जवळपास ८० टक्के अंतर कापते, म्हणजे पंख्यातून येणारी हवा २६ अंशांची. जाड दगडी भिंतींच्या जुन्या घरात याहून जास्त काही लागत नाही. आता जुलै घ्या: ३५ अंश, आर्द्रता ६०. ओला तापमापक साडेअठ्ठावीसवर अडकतो, कूलरची हवा तिशीच्या आसपास आणि तीही दमट. गादी चिकट होते, माणूस वैतागतो आणि कूलर बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावतो. बिघडलेलं काहीच नसतं. अशा दिवसांत पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. मुंबई-कोकणात कूलर का चालत नाही आणि नागपूर-अकोल्यात पावसाळा लागेपर्यंत का चालतो, त्याचं उत्तरही हेच.

आता वाळा. जुन्या आठवणीतला अर्धा जीव यात आहे, आणि फसवणूकही इथेच होते. खस म्हणजे आपला वाळा, एका उंच गवताची मुळं. खरा वाळा तपकिरी-पिवळसर, तारेसारखा चिवट, आणि कोरडा असतानाही मातीसारखा मंद वास देणारा. वाळ्याचं सरबत हिरवंगार विकतात, त्यामुळे वाळाही हिरवा असतो असा लोकांचा समज झालाय आणि विक्रेते त्याचा पुरेपूर फायदा घेतात. हिरवी रंगवलेली, वर अत्तर मारलेली ताटी म्हणजे बहुतेक वेळा लाकडाचे बारीक तासलेले तंतू, ज्यांना बाजारात वुडवूल म्हणतात. तिचा वास सरबतासारखा गोड आणि भडक येतो, आठवड्याभरात उडून जातो, आणि टाकीतलं पाणी हिरवं होतं. घेताना ताटीची एक काडी काढून ओल्या बोटांत चोळा. खऱ्या वाळ्याचा वास ओलाव्याने वाढतो आणि बोटाला रंग लागत नाही.

ताटी दोन ते अडीच इंच जाड हवी. उजेडासमोर धरली तर भोकं दिसता कामा नयेत. नवी ताटी थेट बसवू नका, रात्रभर टबात बुडवून ठेवा. सकाळी लालसर गढूळ पाणी निघेल, ते फेकून परत एकदा भिजवा. हे केलं नाही तर तीच माती पंपाच्या जाळीत बसते आणि दोन दिवसांत पंप घरघरायला लागतो.

वुडवूल टाकाऊ आहे असं मात्र नाही. स्वस्त असतं, पाणी पटकन शोषतं, पहिले पंधरा दिवस हवाही उत्तम देतं. मग ते स्वतःच्या ओल्या वजनाने खाली बसतं, वरच्या काठाशी दोन बोटांची फट पडते, आणि हवा नेहमी सोप्या वाटेने जाते. त्या फटीतून ४२ अंशांची कोरडी झळ आत शिरते आणि बाकी ताटीची मेहनत वाया घालवते. ‘कूलर पहिल्यासारखा थंड करत नाही’ या तक्रारीमागचं हे सगळ्यात मोठं कारण. दर पंधरवड्याला ताटीवरची जाळी उघडून वरच्या बाजूला मूठभर नवं वुडवूल दाबून भरलं की काम भागतं. वाळ्याची मुळं लांब आणि एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे ती कमी बसतात, तरी सुतळीचे आडवे टाके साधारण सहा-सहा इंचांवर आहेत का ते घेताना बघावंच. नीट वापरली तर वाळ्याची ताटी दोन उन्हाळे जाते. वास मात्र पहिल्याच वर्षी खरा, दुसऱ्या वर्षी नुसता गारवा.

दुसरी नेहमीची खोड म्हणजे कोरडा पट्टा. वरच्या पन्हळीला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी ताटीभर पसरायला हवं. पेटी एका बाजूला कलली असेल तर सगळं पाणी एका कोपऱ्यात उतरतं, किंवा क्षार साचून निम्मी छिद्रं बुजतात. तपासायचं असं: पंप पंधरा मिनिटं चालवा, प्लग काढा, जाळी उघडून ताटीवर हात फिरवा. कोरडं लागेल तिथली छिद्रं बारीक तारेने टोचून मोकळी करा, आणि पायांखाली पाचर घालून पेटी समतल करा. दोन फुटी ताट्यांना १८ वॉटचा पंप पुरतो, तीन फुटी असतील तर ४० वॉटचा घ्या. मोठ्या पंपाने गारवा वाढतो ही समजूत चुकीची. जास्तीचं पाणी नुसतं खाली वाहतं, आणि पंखा त्याचे थेंब ओढून पलंगावर उडवतो.

पाण्याचा खर्च लोक फार कमी धरतात. ताशी २,००० घनमीटर हवा सोळा अंशांनी उतरवायला तासाला १४-१५ लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. दहा तास चालवला की दीडशे लिटर. जोधपूरला कायलाना आणि तख्तसागर या तलावांवर भिस्त होती, कालव्याचं पाणी १९९०च्या दशकात आलं, त्यामुळे जुन्या काळी ही चैन जपून करायची गोष्ट होती. भर दुपारचे तीन-चार तास कूलर, संध्याकाळी चौकात शिंपण आणि रात्री गच्ची, हा क्रम हौसेचा नव्हता, हिशेबाचा होता.

आणि वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. लिटरला ६०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी, १०० लिटरची टाकी, रोज दीडशे लिटर वाफ आणि तेवढीच भर, असा हिशेब मांडला तर चौथ्या दिवसाअखेर टाकीत लिटरला ४,२०० मिलिग्रॅम क्षार झालेले असतात. ताटीवर पांढरी पापडी धरते, ती दगडासारखी कडक होते, हवा अडते आणि पत्रा गंजतो. उपाय एकच. तळाचा बोळा काढून दर दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची. ते पाणी फरशी धुवायला वापरा, झाडांना नको. पंप आणि पन्हळ महिन्यातून एकदा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तासभर ठेवावी, बादलीला मूठभर पुरतं. ब्लीचिंग पावडर त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात. आठवड्यातून एकदा आतल्या भिंती ताठ ब्रशने घासा.

जागा चुकली तर वरचं सगळं करूनही फायदा शून्य. पत्र्याचा कूलर खिडकीबाहेरच हवा, तोही सावलीच्या बाजूला. पश्चिमेला बसवला तर दुपारभर पत्रा तापून टाकीतलं पाणी कोमट होतं. जितकी हवा आत येते तितकी बाहेर जायला वाट लागते. १२ बाय १२ आणि दहा फूट उंच खोलीसाठी समोरच्या बाजूला दीड-दोन चौरस फूट उघडं ठेवा, म्हणजे दार चार बोटं किंवा खिडकीचं एक झडप. जुन्या हवेलीत चौकाकडचं दार अर्धं उघडं असायचंच, म्हणून तिथे हे कुणाला शिकवावं लागलं नाही. फ्लॅटमध्ये सगळं बंद करून कूलर खोलीच्या मधोमध मांडतात. तासाभरात तीच दमट हवा परत परत ताटीतून फिरते आणि खोलीचं न्हाणीघर होतं.

आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, येताना दिसली की पंखा लगेच बंद करा. ओली ताटी धूळ अशी धरते की दहा मिनिटांत तिच्यावर चिखलाचा लेप बसतो. वादळ गेल्यावर आधी नुसता पंप चालवून ताट्या धुऊ द्या, टाकीचं पाणी बदला, मगच पंखा.

एक तारा कापला तो विजेपायी. लोखंडी पेटी, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि दोन पिनांचा प्लग: जुन्या दिवसांचं कौतुक करताना ही जोडी कुणी सांगत नाही. पंपाचं सील गळलं किंवा पंख्याच्या वायरचं आवरण कडेला घासलं गेलं की अख्खी पेटी वीजभारित होते. राजस्थान असो की विदर्भ, उन्हाळ्यात असे अपघात होतातच. तीन पिनांचा प्लग, पेटीला स्वतंत्र अर्थिंगची तार, आणि घरात ३० मिलिअँपिअर वीजगळतीला तुटणारा सुरक्षा स्विच. यातलं एकही कमी असेल तर हा कूलर घेऊ नका. पाणी भरताना बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या तर ‘थोडंसंच आहे’ म्हणून चालवत राहणं म्हणजे जिवाशी खेळ.

हनीकोम्बच्या, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या कागदी नळ्यांची ताटी असलेल्या, प्लास्टिक कूलरशी तुलना करायची तर, त्याची चार इंची ताटी तीन-चार वर्षं टिकते, खाली बसत नाही, पेटी गंजत नाही आणि पेटीतून शॉक बसायची भीती बरीच कमी. भाड्याच्या घरात किंवा वर्षाआड बदली असलेल्यांनी तोच घ्यावा. पण खाऱ्या पाण्याने कागदाच्या नळ्या बुजल्या की ताटी फेकण्यावाचून इलाज नसतो. पत्र्याच्या पेटीचा प्रत्येक भाग गल्लीतला कारागीर बदलून देतो: पंख्याचा बुश, कपॅसिटर, बॉल व्हॉल्व्ह, अगदी गंजलेला तळसुद्धा. पंखा हाताने ढकलल्यावरच फिरत असेल तर मोटर बदलायची घाई नको, बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. विजेचं म्हणाल तर पंखा नि पंप मिळून २००-२५० वॉट, म्हणजे दहा तासांना दोन-अडीच युनिट.

बनवून घेताना कारागिराला चार गोष्टी स्पष्ट सांगा. तळाचा पत्रा २० गेजचा, बाजू २४च्या चालतील (आकडा लहान तितका पत्रा जाड). टाकीला आतून डांबरी रंगाचे दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. पाणी काढायचा बोळा तळाच्या सगळ्यात खोल कोपऱ्यात, नाहीतर दोन लिटर पाणी कायमचं आत राहतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. पाय किमान सहा इंच. मार्चमध्ये सांगितलं तर कारागीर हे सगळं ऐकतो, मेमध्ये तयार पेटी पुढे ढकलतो.

दिवाळीच्या आधी ताट्या काढून गोड्या पाण्यात खळखळून धुवाव्यात, सावलीत चार दिवस वाळवाव्यात आणि जुन्या सुती चादरीत गुंडाळून छताला टांगाव्यात. जमिनीवर ठेवल्या तर थंडीत उंदीर त्यांतच बाळंतपण उरकतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पंखा लावल्यावर येतो तो वास वाळ्याचा नसतो.