विली मेज की रॉबर्टो क्लेमेंटे?
बेसबॉलमध्ये आउटफिल्डर मैदानाच्या पार टोकाला उभा असतो. तिथला सर्वश्रेष्ठ कोण, असं विचारलं की बहुतेक जण विली मेजचं नाव घेतात. फटकेबाजीत ते पुढे आहेतच: त्यांचे होम रन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके, ६६०; दुसरे मोठे आउटफिल्डर रॉबर्टो क्लेमेंटे यांचे २४०. १९५४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, पाठमोरं धावत, खांद्यावरून येणारा चेंडू त्यांनी टिपला आणि गर्रकन वळून लगेच फेकलाही. मला तो झेल जितका आवडतो, त्याहून ती फेक जास्त आवडते.

फेकीत मात्र माझं मत क्लेमेंटेला. उजव्या कोपऱ्यातून त्यांचा चेंडू असा यायचा की धावपटू पुढच्या बेसकडे निघायला कचरायचे. क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लव्ह पुरस्कार दोघांनाही बारा-बारा. क्लेमेंटे पोर्तो रिकोचे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग संघाकडून अठरा हंगाम खेळले, फलंदाजीत चारदा लीगमध्ये अव्वल ठरले आणि बरोबर ३००० हिट्सवर, म्हणजे बेस गाठून देणाऱ्या फटक्यांवर, थांबले. थांबले कसले! ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्यांचं विमान समुद्रात कोसळलं. वय अवघं ३८.

मेज २०२४ पर्यंत, ९३ वर्षं जगले. संघ निवडायचा तर मी आधी मेजना घेईन. मुलीला गोष्ट सांगायची तर क्लेमेंटेची.