प्लेटलेट देतो म्हणून 10,500 रुपये घातले घशात, डेंग्यूचा सीझन आहे म्हणून सांगतेय

लिहू की नको असं चाललं होतं, घरातलेच टोमणे मारतात अजून, पण काल ऑफिसमधल्या एकीच्या नणंदेला सेम टू सेम फोन आला म्हटल्यावर राहवलं नाही.

धाकट्या भावाला डेंग्यू. आधी गल्लीतल्या लॅबमध्ये एनएस1 ची (डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी) कार्ड टेस्ट केली, निगेटिव्ह, मग "व्हायरल आहे" म्हणून सगळे निवांत. ती टेस्ट तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत नीट पकडते, आम्ही गेलो तोवर आठवडा होत आलेला, तेव्हा आयजीएम (अँटिबॉडीची टेस्ट) करायला हवी होती, पण लॅबवाला सांगेल तर ना. (आयजीएम एलायझा सरकारीत फुकट होते, पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेचं किट असतं, आम्ही प्रायव्हेटमध्ये पैसे घातले ते वेगळेच.) मग ताप उतरला, आई म्हणाली देव पावला, आणि त्याच रात्री याचं पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच खरे धोक्याचे असतात हे आम्हाला अ‍ॅडमिट केल्यावर कळलं.

प्लेटलेट काउंट आला 22,000. संध्याकाळचा ज्युनियर डॉक्टर जाता जाता बोलून गेला, "प्लेटलेट अरेंज करून ठेवा, स्टँडबाय." बस, एवढंच. ज्याचं माणूस आत झोपलेलं असतं ना, त्याला स्टँडबाय वगैरे ऐकू येत नाही, फक्त प्लेटलेट ऐकू येतं. त्यात याचा ग्रुप ए निगेटिव्ह. मी लगेच मेसेज टाकला, नाव, वॉर्ड, ग्रुप, माझा नंबर सगळं, आणि नातेवाइकांनी तो कुठे कुठे फॉरवर्ड केला देव जाणे. हे करू नका. नाव आणि वॉर्ड तर अजिबात नको.

अर्ध्या तासात फोन. अस्खलित मराठी, "ताई टेन्शन घेऊ नका, ब्लड बँकेतून बोलतोय, ए निगेटिव्हची एसडीपी रेडी आहे, माझ्या बहिणीला पण झालेलं." (एसडीपी म्हणजे एकाच डोनरकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट.) भावाचं नाव, वॉर्ड सगळं त्याला माहीत. मी म्हटलं हॉस्पिटलनेच कळवलं असणार. कुणालाही तेच वाटलं असतं.

13,000 सांगितले, निम्मे आधी. 6,500 पाठवले. मग "डोनरच्या टेस्टचे" 2,200. मग बॅग घेऊन येणाऱ्या पोराच्या आइसबॉक्सचं डिपॉझिट 1,800, म्हणे लगेच रिटर्न होईल. स्कॅन केलं तर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं, विचारलं तर "आमच्या अकाउंटंटचं आहे, बँकेचं मशीन बंद आहे."

पण खरी चीड मला त्याची नाही येत. मी म्हटलं होतं, बॅग तोवर नीट राहील ना, तर म्हणाला, "फ्रीजमध्येच आहे ताई, एकदम थंडगार." फ्रीजमध्ये! प्लेटलेट फ्रीजमध्ये ठेवतच नाहीत, वीस ते चोवीस डिग्रीला हलणाऱ्या मशीनवर ठेवतात, पिशव्या सारख्या डुलत असतात, आणि मी स्वतः मागच्या वर्षी ऑफिसच्या रक्तदान शिबिरानंतर ते मशीन बघून आले होते, तिथल्या टेक्निशियनने हौसेने दाखवलं होतं. म्हणजे डोक्यात होतं हो सगळं. पण समोर आई रडतेय, सलाईन संपत आलंय, सिस्टर सापडत नाही, अशात मशीन कुठे आठवणार? आता रोज आठवतं. आइसबॉक्स म्हणाला तेव्हाही नाही पेटली ट्यूब.

अजून 3,000 मागितले तेव्हा नवऱ्याने फोन हिसकावला. तोवर 10,500 गेले होते. नंबर बंद.

आणि कहर म्हणजे प्लेटलेट लागल्याच नाहीत. सकाळी मोठे डॉक्टर म्हणाले, ब्लीडिंग नाही, मग 10,000 च्या खाली जाईपर्यंत घाई करायचीच नसते, आमचं लक्ष हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते), बीपी आणि लघवीवर आहे. सलाईन मोजून मापून, तापाला फक्त पॅरासिटामॉल (ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन चुकूनही नाही), आणि काउंट आपोआप वर आला. निगेटिव्हच हवं असंही नव्हतं म्हणे. हे आदल्या संध्याकाळी कुणी दोन मिनिटं थांबून सांगितलं असतं तर?

हॉस्पिटलवाले म्हणाले आमचा संबंध नाही. चौकीत गेले, "हे सायबरचं, इथे होत नाही." सायबरला गेले तर "आधी चौकीतून अर्ज घेऊन या." चौकीत परत, साहेब बंदोबस्ताला. गणपतीत कुणाला वेळ आहे. एकजण तर तोंडावर म्हणाला, "मॅडम, इथे लोकांचे चाळीस-चाळीस लाख गेलेत, तुम्ही साडेदहा हजाराचं काय घेऊन बसलात." म्हणजे आता चोराने कमी चोरलं म्हणून त्याचे आभार मानू का? बँकेत वेगळीच तऱ्हा, "पिन तुम्हीच टाकला ना, मग आम्ही काय करणार." तीच बँक दर आठवड्याला सावध रहा म्हणून मेसेज पाठवते. पैसे गेल्या गेल्या 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, चौकीच्या रांगेत जाऊ नका, खातं गोठवायचं तर तेवढाच वेळ हातात असतो. मी दुसऱ्या दिवशी लावला, तोवर पैसे पुढे सरकलेले.

खरी ब्लड बँक फोनवर पैसे मागत नाही. डॉक्टरच्या सहीचा फॉर्म लागतो, पेशंटचं सॅम्पल लागतं, पैसे काउंटरवर, पावती घ्या. एसडीपीचा ठरवून दिलेला कमाल दर 11,000 आहे, त्याच्या वर कुणी सांगितलं की फोन ठेवा. साधी प्लेटलेटची पिशवी काही शे रुपयांत मिळते. डोनरला पैसे देणं-घेणं तर कायद्यानेच बंद आहे. साठा बघायला ई-रक्तकोश ही सरकारी वेबसाइट आहे, तिथून नंबर घेऊन आपण फोन करायचा, आलेल्या फोनवर नाही.

सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे अजून "प्रक्रियेत" दिसतंय. आणि त्या माणसाचा नंबर परवा परत चालू झालाय, डीपीला लाल थेंब आणि "रक्तदान श्रेष्ठदान". स्क्रीनशॉट चौकीत दिलाय, त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला.