पोटावरची चरबी: लायपोसक्शन की टमी टक?

लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणे) करावे की टमी टक (पोटावरची जादा कातडी व चरबी कापून काढणे), असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांनी आधी उभे राहून पोटाची वळी चिमटीत धरून पाहावी. चिमटीत येते ती त्वचा आणि तिच्या लगतची चरबी. जे पोट चिमटीत येतच नाही, घागरीसारखे घट्ट पुढे आलेले असते, त्यातील बरीचशी चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती साठलेली असते आणि तिथपर्यंत या दोन्हींपैकी एकही शस्त्रक्रिया पोहोचत नाही. मध्यमवयीन पुरुषांची पोटे बहुधा या दुसऱ्या जातीची असतात. त्यांच्यासाठी हा आढावा इथेच संपला तरी चालेल, कारण त्यांचे काम आहार, चालणे आणि फिजिशियनची भेट यांनीच व्हायचे आहे.

चिमटीत येणाऱ्या पोटाचेही दोन प्रकार आहेत. त्वचा ताठ असून खाली चरबीचा थर जाड असेल, तर लायपोसक्शनचा विचार करता येतो. त्वचा सैल होऊन लोंबत असेल, दोन-तीन बाळंतपणांनंतर पोटाचे मधले उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेले असतील किंवा मोठे वजन उतरल्यानंतर कातडीची झालर राहिली असेल, तर चरबी शोषून घेतल्याने ती झालर अधिकच रिकामी दिसते. अशा पोटासाठी टमी टक, म्हणजेच ॲब्डॉमिनोप्लास्टी, हेच खरे उत्तर आहे. माझ्या मते निर्णयाचा निम्म्याहून अधिक भाग या एका परीक्षेत उरकतो, आणि जाहिरातीत ‘लेझर’ किंवा ‘व्हेझर’ असे कोणते यंत्र लिहिले आहे याला त्यामानाने फारच कमी महत्त्व आहे.

लायपोसक्शनची आजची प्रचलित पद्धत जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1980 च्या दशकात मांडली. सलाइनमध्ये लिडोकेन हे बधिर करणारे औषध आणि ॲड्रेनॅलिन मिसळून ते चरबीच्या थरात भरतात, काही मिनिटे थांबतात आणि मग काही मिलिमीटरच्या छिद्रांतून बारीक नळी फिरवून चरबी ओढून घेतात. ॲड्रेनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव पूर्वीच्या तुलनेत खूपच कमी होतो. मात्र वजनाचा हिशेब आधीच समजून घ्यावा. चरबीचे एक लिटर म्हणजे जेमतेम नऊशे ग्रॅम, आणि बाटलीत जमा होणाऱ्या द्रवात भरलेले सलाइनही असते. एकूण पाच लिटरपेक्षा अधिक द्रव काढणे ‘मोठ्या प्रमाणातले’ मानले जाते आणि त्यासाठी रुग्णालयात रात्रभर देखरेख आवश्यक धरली जाते. म्हणजे ‘दहा-बारा किलो कमी करून देऊ’ असे कोणी सांगत असेल, तर तिथून उठून यावे. मधुमेह सुधारेल ही आशाही खरी नाही: 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 15 लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरची भरपूर चरबी काढली, तरी दहा-बारा आठवड्यांनंतर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय फरक पडला नाही.

टमी टकमध्ये कमरेच्या एका बाजूच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंत, साडीच्या निऱ्यांखाली झाकला जाईल असा आडवा छेद घेऊन जादा त्वचा व चरबी कापून काढतात, दूर गेलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. व्रण कायमचा राहतो. तो कालांतराने फिकट होतो, पण नाहीसा होत नाही. पुढे मूल हवे असेल, तर ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण गरोदरपणात जवळ आणलेले स्नायू पुन्हा ताणले जातात.

बरे होण्याच्या काळात या दोन्हींतील फरक सर्वांत ठळक जाणवतो. लायपोसक्शननंतर बैठे काम करणारा माणूस बहुधा आठवड्याभरात कामावर जाऊ शकतो, मात्र पोट दाबून धरणारे घट्ट प्रेशर गारमेंट चार ते सहा आठवडे वापरावे लागते आणि सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. टमी टकनंतर पहिले काही दिवस कमरेत वाकून चालावे लागते, पाणी काढण्यासाठी बहुधा नळ्या लावलेल्या असतात आणि सुमारे सहा आठवडे जड उचलायला मनाई असते. ज्या घरात हंडे भरणे, गहू निवडून डबे उचलणे किंवा केळीच्या बागेत घड वाहणे ही कामे दुसरे कोणी करणार नाही, तिथे ही सहा आठवड्यांची अट आधी घरात बोलून घ्यावी. यात ऋतूचा प्रश्नही आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 44-45 अंशांवर जातो. त्या उकाड्यात अहोरात्र घट्ट गारमेंट घालणे म्हणजे घामोळी, खाज आणि शेवटी गारमेंट काढून ठेवण्याचा मोह. दिवाळीनंतरचा थंडीचा काळ यासाठी कितीतरी सुसह्य आहे. एप्रिलमधल्या लग्नासाठी मार्चमध्ये घाई करू नये, कारण लग्नाच्या फोटोत दिसेल ती सूजच.

धोक्यांचा विचार करताना टमी टक ही मोठी शस्त्रक्रिया आहे हे विसरू नये: पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, त्वचेखाली पाणी साचणे, जखमेची कड काळी पडणे हे धोके तिच्यात अधिक आहेत. लायपोसक्शन लहान वाटते, पण निर्धोक नाही. पृष्ठभाग उंचसखल होणे किंवा बधिरपणा राहणे हे त्रास नेहमीचे; चरबीचे कण रक्तात जाणे किंवा नळीने आतड्याला इजा होणे हे दुर्मीळ, पण जीवघेणे. बेंबीचा किंवा जुन्या टाक्यांतला हर्निया असेल, तर आतड्याला इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून सिझेरियन किंवा अन्य शस्त्रक्रियेचे व्रण असलेल्या स्त्रियांनी आधी सोनोग्राफीचा आग्रह धरावा. धडगाव-अक्कलकुवा-साक्री पट्ट्यातील आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे भूल देण्यापूर्वी त्याची तपासणी झालेली असावी. तंबाखू आणि सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद करावी. टमी टकची जखम न भरण्यामागे हे फार मोठे कारण असते.

चरबी गोठवण्याच्या मशीनचे, म्हणजे क्रायोलिपोलिसिसचे, आकर्षण समजण्यासारखे आहे. त्यात चिरफाड नाही. पण एका बैठकीत त्या जागेचा थर साधारण पाचवा हिस्सा ते पाव हिस्सा कमी होतो, तोही दोन-तीन महिन्यांनी, आणि क्वचित प्रसंगी त्या जागी चरबी उलट वाढून घट्ट गोळा होतो. थोड्याशा वळीसाठी ते ठीक आहे. खूप वजन असलेल्यांसाठी बॅरिएट्रिक, म्हणजे जठर लहान करून वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया, हा वेगळाच विषय आहे. ती पोटाला आकार देण्यासाठी नसून आजारासाठी असते.

शस्त्रक्रिया कुठे करावी, हा प्रश्न खानदेशात जरा अवघड आहे. जळगाव-धुळ्यात करावे की मुंबई, पुणे, नाशिक किंवा सुरतेला जावे? मोठ्या शहरात अनुभवी हात अधिक मिळतात, पण जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर आहे, आणि ताज्या जखमेनिशी सहा-सात तास एका जागी बसून येणे हे पायातील गुठळीला आमंत्रण ठरू शकते. बाहेर जायचेच असेल, तर टमी टकनंतर निदान आठ-दहा दिवस, नळ्या निघेपर्यंत, तिथेच नातेवाइकांकडे राहावे आणि पुढच्या तक्रारीसाठी गावातल्या सर्जनशी आधीच बोलून ठेवावे. डॉक्टर जवळचे असोत वा दूरचे, त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी आहे का, हे पाहावे. ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’ ही पदवी नव्हे. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत हजर असतात का आणि रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे का, हेही स्पष्ट विचारावे. दोन तासांच्या आत पोहोचता येईल अशा ठिकाणी पात्र सर्जन असेल, तर मी जवळचीच जागा निवडीन.

खर्चाची तुलना करताना केवळ पॅकेजचा आकडा पाहू नये. भूल, गारमेंट, तपासण्या आणि पुन्हा दुरुस्ती लागल्यास तिचे शुल्क हे सारे लेखी मागावे. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा लागू होत नाही आणि तिच्यावर वस्तू व सेवा करही भरावा लागतो. मात्र टमी टकबरोबर हर्निया दुरुस्त होणार असेल, तर हर्नियापुरता खर्च विम्यात बसतो का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

लायपोसक्शननंतर त्याच दिवशी घरी सोडणार असतील, तर आणखी एक गोष्ट विचारावी. भरलेल्या लिडोकेनचे रक्तातील प्रमाण दहा-बारा तासांनी किंवा त्याहूनही नंतर सर्वाधिक होते, म्हणजे रुग्ण घरी झोपलेला असताना. ओठांना मुंग्या, कानात आवाज, गरगरणे, धाप किंवा गोंधळलेपण जाणवल्यास रात्री दोन वाजता कोणता फोन उचलला जाईल आणि कोणते रुग्णालय उघडे असेल, याचे उत्तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी कागदावर मिळायला हवे.